दाढीचा साबण रोज चेहरा धुवायला वापरता येतो का?

राखाडी_ढग

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच. दीड वर्ष झालं मी ब्रश आणि वाटीवर दाढी करतोय, कॅनमधला फोम सोडला आणि डबीतला घट्ट गोल साबण घेतला, आणि खरं सांगतो त्या फेसाचा मला लळाच लागला. आता घरूनच काम असल्याने दाढी आठवड्यातून दोनदाच होते, साबण बाकीचे दिवस नुसता पडून असायचा, म्हणून म्हटलं तोंडही यानेच धुवून बघू. रोज सकाळ-संध्याकाळ, ब्रश गरम पाण्यात भिजवायचा, झटकायचा, साबणावर वीस-पंचवीस वेळा फिरवायचा आणि मग गालांवर, कपाळावर, नाकावर गोल गोल. फेस असा दाट की बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहते.

पहिले दोन आठवडे तर मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. माझी त्वचा तेलकट, कपाळ आणि नाक कायम चमकणारं, ते एकदम बंद. चेहरा हाताला इतका स्वच्छ लागायचा की वाटलं आता फेसवॉश आणायची गरजच संपली. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र धुतल्यावर दहा मिनिटांत चेहरा ओढल्यासारखा व्हायला लागला, हसलं की गाल ताणतात, नाकपुड्यांच्या कडेला बारीक पापुद्रे सुटलेत आणि दुपारी कपाळ परत तेलकट ते तेलकटच. म्हणजे कोरडं पण आणि तेलकट पण.

दाढी करताना याच साबणाने काहीच त्रास होत नाही, उलट चेहरा मऊ लागतो. मग रोज धुतल्यावर असं का? इतका मलईसारखा फेस असलेला साबण कडक कसा असेल? कोणी वापरत असाल तर अनुभव सांगा.

जुना_आरसा

मी वापरतो, आठ-नऊ वर्षं झाली असतील. रोज एकदा, दाढीच्या वेळीच, उरलेल्या फेसाने कपाळ आणि मान पण धुवून घेतो. वेगळा फेसवॉश कधी आणलाच नाही. काहीही झालेलं नाही. त्वचा माझी पहिल्यापासून जाड आणि तेलकट आहे हे मात्र सांगायला हवं. तुम्ही दिवसातून दोनदा करताय, तिथे गडबड असेल असं मला वाटतं.

पोटॅशवाली

मी घरी साबण बनवते, दाढीचेही बनवलेत, त्यामुळे हा प्रश्न अगदी माझ्या जिव्हाळ्याचा. जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

दाढीच्या साबणाचं काम चेहरा धुणं हे नसतंच मुळी. त्याचं काम केस भिजवणं आणि पात्याखाली निसरडा थर धरून ठेवणं. म्हणून त्यात स्टिअरिक अॅसिड भरपूर असतं, मी तर एकूण तेल-चरबीच्या निम्म्याच्या आसपास घेते. हे स्टिअरिक म्हणजे चरबीतून आणि काही वनस्पती तेलांतून मिळणारं घट्ट पांढरं मेणासारखं आम्ल, शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली चरबीवरचं पुस्तक काढलं त्यात याचा सगळा उलगडा केलेला आहे. स्टिअरिकचा साबण फेसाचे बुडबुडे बारीक आणि टिकाऊ करतो. अंघोळीच्या साबणाचा फेस मिनिटाभरात बसतो, दाढीचा तुमच्या गालावर पाच मिनिटं तसाच उभा राहतो, तो याच्यामुळे.

दुसरी गोष्ट, अंघोळीची वडी सोडियमच्या अल्कलीने (म्हणजे कॉस्टिक सोड्याने) बनते म्हणून टणक होते. दाढीच्या साबणात पोटॅशियमची अल्कली पण घालतात, माझ्या कृतीत ६० टक्के पोटॅशियम आणि ४० टक्के सोडियम. पोटॅशियमचा साबण पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून ब्रशला लगेच लागतो आणि मऊ मलईसारखा फेस येतो. वर ग्लिसरीन असतं, थोडं तेल मुद्दाम साबण न होऊ देता शिल्लक ठेवतात, कोणी लॅनोलिन, म्हणजे लोकरीतून निघणारं मेण घालतं. त्यामुळे दाढी झाल्यावर हाताला मऊ लागतं.

पण हे सगळं झालं तरी तो साबणच आहे. तेल अधिक अल्कली. आणि खरा साबण पाण्यात गेला की अल्कधर्मीच राहतो, पीएच (आम्ल-अल्कलीची मोजपट्टी, ७च्या खाली आम्ल, वर अल्कली) ९ ते १०च्या आसपास. तो खाली आणायला गेलात तर साबण फुटतो आणि पुन्हा स्टिअरिक आम्लाच्या पांढऱ्या गुठळ्या होतात, मी एकदा लिंबूसत्व घालून बघितलं होतं, अख्खं भांडं नासलेल्या दुधासारखं झालं. तेव्हा "सौम्य पीएचचा खरा साबण" असं काही कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

फेस मऊ आहे म्हणजे साबण सौम्य आहे असं नसतं, राखाडी_ढग, एवढंच मला सांगायचं होतं. फेसाचा मऊपणा बुडबुड्यांचा आहे. त्वचेला काय लागतं ते बुडबुड्यांच्या मधल्या पाण्यात असतं.

राखाडी_ढग

पोटॅशवाली, मनापासून आभार, हे असं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. शेवटचं वाक्य वाचून थांबलोच. पण मग दाढीच्या दिवशी त्रास का नाही होत?

पहाटवारा

+१, मलाही हाच प्रश्न.

दूरचा_दिवा

माझी बहीण त्वचारोगतज्ज्ञ आहे, तिच्याशी या विषयावर मागे बरंच बोलणं झालं होतं कारण मीही हेच उद्योग केले होते. तिने सांगितलेलं माझ्या शब्दांत.

त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराचा पीएच साधारण ५च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो. याला आम्ल आवरण म्हणतात, शाडे आणि मार्चिओनिनी या दोन जर्मन डॉक्टरांनी १९२८ मध्ये ही कल्पना मांडली. पीएचची मोजपट्टी दहापटीची असते, एक अंक वाढला की आम्लता दहा पटीने कमी. म्हणजे ५ पासून १० पर्यंत गेलात तर १,००,००० पटीचा फरक. ऐकून मी हबकलोच होतो. अर्थात तोंड धुतलं म्हणून त्वचेचा पीएच १० होत नाही, तो थोडा वर सरकतो आणि काही तासांत आपोआप खाली येतो, त्वचेत ती ताकद आहे. जुना_आरसा यांना वर्षानुवर्षं काही झालं नाही ते त्यामुळेच. दिवसातून एकदा, जाड तेलकट त्वचा, भरून यायला पुरेसा वेळ.

पण खाली येईपर्यंत दुसऱ्यांदा धुतलंत, मग दुसऱ्या दिवशी सकाळी परत, तर ती सावरणारच कधी? आणि आम्लता नुसती शोभेला नसते. वरच्या थरातल्या मृत पेशींच्या मधे जो स्निग्ध गिलावा असतो, सेरामाइडचा, तो बनवणारे एन्झाइम आम्लातच नीट काम करतात. पीएच वर गेला की त्यांचं काम मंदावतं, आणि पेशींना धरून ठेवणारे टाके तोडणारे जे दुसरे एन्झाइम असतात ते जोरात येतात. गिलावा कमी आणि विटा सुट्या. तुमच्या नाकाच्या कडेचे पापुद्रे म्हणजे बहुतेक हेच.

दाढीच्या दिवशीचं बघा, दाढी झाल्यावर तुम्ही काय लावता? बाम किंवा क्रीम लावत असणार. आणि तोंड धुतल्यावर?

राखाडी_ढग

दाढीनंतर बाम लावतो, न चुकता. तोंड धुतल्यावर काहीच नाही, टॉवेलने खसखसून पुसतो आणि कामाला बसतो. बरोबर पकडलंत.

वाचनमात्र

तेलकट पण आणि कोरडं पण, याबद्दल कोणीतरी लिहा ना. मी सगळीकडे वाचते की जास्त धुतलं की त्वचा घाबरून जास्त तेल बनवते.

दूरचा_दिवा

हे मी बहिणीला विचारलं होतं. तेलग्रंथी मुख्यतः हॉर्मोन्सच्या सांगण्यावरून चालतात, वरचं तेल पुसलं गेल्याची खबर त्यांना लागत नाही. साबणाने तेल पूर्ण निघतं, ग्रंथी आपल्या गतीने तेल सोडत राहतात, काही तासांत कपाळ परत चमकतं. ते तसंही चमकलंच असतं. कोरडेपणा मात्र तेलाचा नाही, तो पाण्याचा आहे, गिलावा विरला की आतलं पाणी उडून जातं. म्हणून एकाच चेहऱ्यावर दोन्ही दिसतं. आणि तेल दिसलं की माणूस आणखी धुतो, तिथे फसतो.

मीठभाकर

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितोय. मला पाण्याने शिकवलं. नोकरीमुळे दोन ठिकाणी राहणं होतं, एका घरी पाणी क्षाराचं, दुसऱ्या घरी एकदम गोडं. साबण तोच, ब्रश तोच. क्षाराच्या पाण्यात फेस लवकर येतच नाही, दुप्पट साबण घासावा लागतो, आणि धुतल्यावर चेहरा बोटाखाली कुचकुच वाजतो. मी वर्षभर त्या कुचकुचीला स्वच्छता समजत होतो. मग एकदा दाढीची वाटी तशीच वाळली तर आत राखाडी पांढरा थर, नखाने खरवडला तर मेणासारखा गोळा झाला, पाण्याने जाईना. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा साका होतो, तोच. म्हणजे जे वाटीला चिकटतं तेच माझ्या गालांवरही बसत असणार! गोड्या पाण्याच्या घरी उलट, कितीही धुवा चेहरा निसरडाच लागतो, पण तिथे माझी त्वचा कायम चांगली असते.

तेव्हा ज्यांच्याकडे क्षाराचं पाणी आहे त्यांनी दाढीचा साबण तोंडाला रोज लावण्याआधी शंभरदा विचार करा. स्टिअरिक जास्त म्हणजे साकाही भरपूर.

पोटॅशवाली

मीठभाकर, अगदी खरं. वाटीचं उदाहरण फार छान दिलंत. मी साबणात सायट्रेट (लिंबूसत्वापासूनचा क्षार) घालते ते या साक्यासाठीच, कॅल्शियमला ते धरून ठेवतं, पण क्षार फार असले तर त्याचंही काही चालत नाही.

पहाटवारा

काल रात्री धागा वाचला आणि सकाळी लगेच पीएच पट्ट्या काढल्या, मत्स्यपेटीसाठी आणलेल्या होत्या. माझ्याकडे तीन गोष्टी, दाढीचा गोल साबण, ट्यूबमधलं शेव्हिंग क्रीम आणि बायकोची साबण नसलेली वडी, जिच्या घटकांत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट (साबणाऐवजी वापरतात तो सौम्य फेसकारक) पहिलंच लिहिलंय. तिन्हींचा थोडा थोडा फेस वेगवेगळ्या बश्यांत केला आणि पट्टी टेकवली.

दाढीच्या साबणात पट्टी कडेने आधी हिरवी झाली आणि मी म्हणणार इतक्यात मधोमध निळी पडत गेली, रंगाच्या तक्त्याशी लावली तर ९ आणि १०च्या मधे. शेव्हिंग क्रीम त्याहून किंचित फिकं पण निळसरच. वडीवर पिवळट हिरवी, ६ आणि ७च्या मधे. घरगुती पट्टी आहे, फार बारकाईने धरू नका, पण तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या तर फरक लांबून दिसतो. आणि सगळ्यात दाट, सगळ्यात मलईदार फेस कुठल्या बशीत होता? निळ्या पट्टीच्या.

जुना_आरसा

वा पहाटवारा! हे काम केलंत ते बरं केलंत. मी माझं बदलणार नाही कारण मला मानवलंय, पण यापुढे कोणाला बिनधास्त "वापर रे" म्हणून सांगणार नाही.

उन्हातली_सावली

बायकांच्या बाजूने पण लिहिते. मी नवऱ्याचा दाढीचा साबण दोन महिने रात्रीचा फेसवॉश म्हणून वापरला, वास फार आवडायचा म्हणून. दोन त्रास झाले. एक म्हणजे त्या साबणात मेंथॉल होतं, डोळ्यांच्या जवळ गेलं की पाणी पाणी, मस्करा काढायचा तर प्रश्नच नाही. दाढी करणारा माणूस डोळ्यांच्या बाजूला साबण नेत नाही, त्यामुळे बनवणारे तो विचार करत नसावेत. दुसरं, सनस्क्रीन. पाण्यात न जाणारं सनस्क्रीन या साबणाने पूर्ण निघतच नव्हतं, टॉवेलवर पांढरट डाग यायचे, म्हणून मी परत घासायचे, परत कोरडं. आता रात्री आधी तेलाने पुसून मग सौम्य क्लेन्झर, दोन मिनिटांचं काम.

आणि हो, मी तेव्हा मुरुमांसाठी रात्री अॅडापलीन लावत होते. ते आधीच त्वचा सोलवटवतं, त्यात हा साबण. गाल असे झोंबायचे की साधं पाणीसुद्धा चुणचुणायचं. जे कोणी मुरुमांसाठी रेटिनॉइड (अॅडापलीन त्यातलंच) किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लावतात त्यांनी हा प्रयोग अजिबात करू नका, कळकळीने सांगते.

वाचनमात्र

मुरुमांना साबण चांगला ना पण? तेल निघून जातं.

दूरचा_दिवा

तेल निघतं, पण मुरुमातला जीवाणू आम्लात कमी वाढतो आणि पीएच वर गेला की त्याला बरं पडतं. शिवाय मुरूम छिद्राच्या आत असतो, साबण वरवर फिरतो. मुरुमं जास्त असतील तर डॉक्टरांनाच दाखवा, साबण बदलत बसू नका.

मीठभाकर

ब्रशबद्दल कोणी बोललंच नाही अजून. राखाडी_ढग रोज दोनदा ब्रशने चेहरा गोल गोल घासतायत, माझ्या मते निम्मा दोष ब्रशचा आहे. ब्रश घासला की मृत पेशी निघतात, पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा चकाकतो तो त्यानेच. पण आठवड्यात चौदा वेळा? डुकराच्या केसाचा ब्रश असेल तर तो चांगलाच राठ असतो. आणि दिवसातून दोनदा ओला झाला की ब्रश मुळाशी वाळतच नाही. वापरल्यावर फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा, झटका, केस खाली करून टांगा, बंद कपाटात ठेवू नका, आणि घरात एकमेकांचा ब्रश वापरू नका, पात्याची बारीक जखम असतेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून अँथ्रॅक्स झालेले रुग्ण नोंदलेले आहेत. आज तसा धोका नाही, पण ब्रश चेहऱ्यावरच्या जखमांना लागतो एवढं लक्षात असावं.

राखाडी_ढग

डुकराचाच आहे. आत्ता जाऊन नाकाला लावून बघितला, मुळाशी दमट वास येतोय. उन्हात ठेवलाय.

निळी_पेटी

थोडं बाजूचं विचारतो, कॅनमधल्या फोमने तोंड धुतलं तर?

पोटॅशवाली

तोही बहुतेक स्टिअरिकचाच साबण असतो, अल्कली म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन आणि फुगवायला आयसोब्युटेनसारखा वायू. त्यात धुण्याची ताकद आणखी कमी, नुसती हवा जास्त. चेहरा धुवायला त्यात काही अर्थ नाही.

निळी_पेटी

धन्यवाद. आणि दाढी राखणाऱ्यांनी दाढी धुवायला घट्ट साबण?

पोटॅशवाली

नकोच. अल्कलीने केस फुगतो आणि त्याचे वरचे खवले उघडतात. कापायचा असेल तर ते हवंच असतं, फुगलेला केस पात्याला सोपा जातो, म्हणून तर फेस दोन-तीन मिनिटं ठेवायचा. पण केस राखायचा असेल तर तीच गोष्ट वाईट, राठ होतो आणि गुंततो. साधा शाम्पू त्याहून बरा.

दाढीच्या दिवसाबद्दल राखाडी_ढग यांनी विचारलं होतं त्याचं उरलेलं उत्तर यातच आहे बघा. दाढीत साबणाचा बराचसा भार केस उचलतात, फेस जाड असतो, पातं तो फेस खरवडून काढून टाकतं, मग भरपूर पाणी आणि वर बाम. तोंड धुताना तुम्ही तोच फेस मोकळ्या गालावर, कपाळावर, नाकाच्या कडेला ब्रशने चोळून बसवता, आणि स्टिअरिकचा फेस चिवट, दोन ओंजळी पाण्याने तो जात नाही. नाकपुडीच्या खाचेत राहतोच. तुमचे पापुद्रे नेमके तिथेच आहेत.

दूरचा_दिवा

पापुद्रे पिवळसर, तेलकट आणि भुवयांतही असतील तर मात्र तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस (तेलकट जागी होणारा त्वचेचा दाह) असू शकतो, त्याचं कारण वेगळं आणि औषधही वेगळं. साबण बंद करून दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर दाखवून घ्या.

राखाडी_ढग

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. बायकोलाही वाचून दाखवले, ती म्हणाली मी आधीच सांगत होते. आता ठरवलंय ते असं, दाढीच्या दिवशी दाढीचा साबण, आणि त्या दिवशी तेच चेहरा धुणं, आधी किंवा नंतर वेगळं काही नाही. बाकी दिवस सकाळी नुसतं कोमट पाणी, रात्री साबण नसलेलं सौम्य काहीतरी, हाताने, ब्रश नाही. पुसताना टॉवेल टिपायचा आणि चेहरा ओलसर असतानाच क्रीम. महिन्याने येऊन सांगतो.

जुना_आरसा

हे बेस्ट. नक्की कळवा.

राखाडी_ढग

महिना नाही, पाच आठवडे झाले, उशीर झाला त्याबद्दल माफ करा.

पापुद्रे साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी गेले, भुवयांत काही नव्हतंच. ओढ पहिल्या आठवड्यातच कमी झाली. पहिले चार दिवस मात्र फार जड गेले, सौम्य क्लेन्झरने धुतलं की चेहरा स्वच्छ झालाच नाही असं वाटायचं, ती कुचकुच नाही, तो दाट फेस नाही, दोनदा तर हात डबीकडे गेला होता. मग मीठभाकर यांच्या वाटीतला तो मेणाचा गोळा आठवला आणि थांबलो. कपाळ दुपारी अजूनही चमकतं, ते टिपकागदाने टिपतो आणि सोडून देतो.

एक गोष्ट मी धरूनच चाललो नव्हतो, दाढी आधीपेक्षा चांगली होतेय. पूर्वी मानेवर दाढीनंतर लाल ठिपके यायचे, मी पात्याला दोष देऊन तीन प्रकारची पाती बदलली होती. आता तीच पाती, तोच साबण, आणि ठिपके जवळजवळ नाहीत. रोज दोनदा सोललेल्या कातडीवर पातं चालवत होतो, दुसरं काय होणार होतं.

पोटॅशवाली

किती बरं वाटलं वाचून! ठिपक्यांचं मलाही सुचलं नव्हतं.

वाचनमात्र

मी पण माझा अंघोळीचा साबण चेहऱ्याला लावणं बंद केलंय या धाग्यामुळे. एक शेवटचं, राखाडी_ढग, आठवड्यातून दोनदाच वापरला तर तो डबीतला साबण खराब नाही का होणार?

पोटॅशवाली

नाही होत. दाढी झाल्यावर डबीतलं पाणी ओतून टाकायचं, झाकण रात्रभर उघडं ठेवायचं, पूर्ण वाळला की मगच बंद. वास हळूहळू उडेल, कडेला पिवळे डाग आणि खवट वास आला तरच टाका. माझ्याकडे चार वर्षांपूर्वीची एक वडी आहे, फेस पहिल्यापेक्षा चांगला येतो.

राखाडी_ढग

आता झाकण उघडं ठेवतो आणि जाता-येता वास घेतो. उद्या दाढीचा दिवस आहे.